शिकवणाऱ्याचं दप्तर

पहिलीला शिकवणाऱ्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर जून उजाडला की एक पान फिरू लागतं. वर एक चौकट, तिच्यात चार-पाच अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह. खाली तेवढ्याच सामग्रीत बसणारे वीसेक शब्द आणि तळाशी दोन-तीन छोटी वाक्यं. पानाचं नाव 'अक्षरगट १'. शिक्षक ते उतरवून घेतात, झेरॉक्स काढतात आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या हातात देतात. पान कामाचं असतं. मात्र ते कुणी बनवलं, कुठल्या मुलांसोबत वापरून पाहिलं, हीच अक्षरं आधी का घेतली, यातलं काहीच त्यावर लिहिलेलं नसतं. वाचन शिकवणाऱ्यासाठी आज मोबाइलवर भरपूर साहित्य मिळतं आणि त्यातलं बरंचसं असंच निनावी आहे. खरं तर या साहित्याला कूळ आहे, गावं आहेत, माणसं आहेत. ती ठाऊक असली की कुठलं पान घ्यायचं, कुठलं सोडायचं आणि घेतलेलं कसं वापरायचं हे पुष्कळ सोपं होतं.

इंग्रजी अंमल येण्याआधी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचं, मुळाक्षरं आणि बाराखडी मोठ्याने म्हणायचं, पुढे मोडीचा कित्ता घोटायचं. छापील पुस्तक नव्हतं. शिकवण्याची सारी सामग्री पंतोजींच्या डोक्यात असायची. एखादा पंतोजी हुशार असला तर त्याच्या हाताखालची मुलं भराभर वाचायला लागत असतील. पण त्याची हातोटी दुसऱ्या गावच्या पंतोजीपर्यंत पोचायला कुठलाच रस्ता नव्हता.

तो रस्ता तयार करायचा पहिला संघटित प्रयत्न मुंबईत झाला. १८२२ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या पाठबळावर शाळा आणि शाळेची पुस्तकं यांसाठी एक मंडळी उभी राहिली. पुढे तिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झालं. जॉर्ज जार्व्हिस तिचा चिटणीस. शिळाप्रेसवर छपाई सुरू झाली आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारख्यांनी मुलांसाठी 'इसापनीती' आणि 'बाळमित्र' मराठीत आणले. ही दोन्ही पुस्तकं १८२८ सालची. शिकवायची पद्धत लँकेस्टरची ठरली: एक शिक्षक, वरच्या मुलांनी खालच्या मुलांना शिकवायचं आणि भिंतीवर तक्ते. सगळ्या वर्गाने एकाच वेळी पाहायचा तक्ता आपल्या शाळांत आला तो या वाटेने. या पद्धतीची पाळंमुळं आपल्याच दक्षिणेत होती. अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासच्या अनाथाश्रमात काम करत असताना त्याने तिथल्या गावठी शाळेत मुलं वाळूवर अक्षरं काढताना आणि एकमेकांना शिकवताना पाहिली. त्यावर त्याने इंग्लंडमध्ये पुस्तक लिहिलं आणि तीच कल्पना विलायतेत फिरून, तक्त्यांचा साज चढवून मुंबईला परतली.

याच काळातली एक गोष्ट वाचन शिकवणाऱ्यांनी कृतज्ञतेने आठवावी अशी आहे. पोथीत आणि मोडी कागदात शब्द एकमेकांना चिकटून येत. शब्द कुठे संपला हे ज्याला आधीपासून वाचता येतं त्यालाच कळणार. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली मराठीसाठी विरामचिन्हांवर पुस्तिका काढली आणि नंतर त्यांच्याच देखरेखीखाली इयत्तावार वाचनपुस्तकं तयार झाली. दोन शब्दांमधली मोकळी जागा आणि वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम या दोन गोष्टींनी नवशिक्या वाचकाचं जेवढं ओझं उतरवलं, तेवढं फार थोड्या साधनांनी उतरवलं असेल. मला हे मराठीतलं पहिलं खरं वाचन-साहित्य वाटतं, कारण त्यात मुलाच्या डोळ्यांचा विचार होता.

मात्र ही सगळी पुस्तकं विद्यार्थ्याच्या हातात द्यायची होती. शिक्षकाच्या हातात काय द्यायचं, हा प्रश्न १८६० च्या दशकात 'मराठी शाळापत्रक' या मासिकाने उचलला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाशी संबंध असलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे संपादक, नंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री. गावच्या मास्तरला दर महिन्याला टपालाने काहीतरी वाचायला मिळणं ही त्या काळात केवढी मोठी सोय होती! पण विष्णुशास्त्र्यांची लेखणी शाळेच्या कुंपणात मावणारी नव्हती. संस्कृत कवींवरचे त्यांचे गाजलेले निबंध याच मासिकात आले, सरकारवरची टीकाही आली आणि १८७५ मध्ये सरकारने शाळापत्रक बंद केलं. मराठी वाङ्मयाला त्यातून फायदाच झाला. तोटा झाला तो खेड्यातल्या मास्तरचा. त्याच्याकडे उरला फक्त दिपोटी, वर्षातून एकदा येऊन परीक्षा घेणारा. वर्गात बसून, शिक्षकाच्या शेजारी उभं राहून 'हे असं करून बघा' म्हणणारा माणूस मराठी शाळेत यायला आणखी शंभर-सव्वाशे वर्षं लागली.

जोतीराव फुल्यांना हे नेमकं दिसलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मागणी केली ती प्रशिक्षित शिक्षकांची, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेल्या आणि त्या लोकांत मिळून-मिसळून राहणाऱ्या शिक्षकांची. त्यांना महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असंही त्यांनी आकड्यासह सांगितलं. साहित्याचा विचार करताना मी या निवेदनाकडे पुन्हा पुन्हा जातो. ज्याला मुलाची बोली कळते आणि ज्याचं पोट भरलेलं आहे असा शिक्षक हेच पहिलं साधन, असं फुले म्हणत होते. पुढे ज्या ज्या ठिकाणी मराठीत वाचनाचं चांगलं साहित्य तयार झालं, तिथे तिथे अशीच माणसं मुलांजवळ राहिलेली दिसतात.

आता पुन्हा त्या चौकटीकडे, म्हणजे अक्षरांच्या क्रमाकडे येऊ. या क्रमाची तीन रूपं झाली आणि प्रत्येक रूपामागे शिकण्याबद्दलची वेगळी समजूत आहे.

पहिला क्रम उच्चाराचा: क ख ग घ ङ. घशापासून निघून ओठांपर्यंत येणारी ही मांडणी भाषेच्या अभ्यासकाला भुरळ घालते आणि तिच्यात काहीच चूक नाही. मात्र ती रचली गेली ती ज्यांना भाषा आधीच पाठ आहे अशांसाठी. वाचायला शिकणाऱ्या मुलाला तिच्यात पाचव्या घरातच ङ भेटतो. त्याने सुरू होणारा शब्द मराठीत शोधून सापडत नाही. उलट ज्याच्यावाचून मराठी मुलाचं पान हलत नाही तो ळ पार शेवटी येतो. अंकलिपीतल्या चित्रांनी 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' करून वेळ निभावली.

दुसरा क्रम हाताचा: ग म भ न. या अक्षरांना उभी रेघ आहे, वळणं एकमेकांसारखी आहेत, एक जमलं की दुसरं जमतं. गिरवण्यासाठी हा गट उत्तम. पण वाचायला बसलं तर 'नभ', 'मग', 'मन' यापुढे गाडी लवकर अडते.

तिसरा क्रम अर्थाचा. समजा पहिल्या गटात क, म, ल, न एवढीच अक्षरं घेतली आणि जोडीला फक्त काना घेतला. काका, मामा, नाक, कान, काम, काल, लाल, माल, मान, कमान, कमल. इथवर शब्द झाले. आता मराठीची खुबी पाहा. ल आणि काना हाताशी आला की 'ला' प्रत्यय आपोआप हातात येतो. मामाला, काकाला, कानाला, मला. आणि 'ला' आला की वाक्य होतं: 'काकाला काम. मामाला काम. मला काम.' चार अक्षरं आणि एक स्वरचिन्ह शिकलेलं मूल स्वतःच्या घराबद्दलची तीन वाक्यं वाचतं आणि वाचता वाचता हसतं, कारण त्याला ती कळलेली असतात. दुसऱ्या गटात र, त, आणि वेलांटी घेतली की 'ती', 'नाती', 'माती', 'करती' येतात. अक्षरगट आखताना हा हिशेब करावा लागतो: कुठली अक्षरं बोलण्यात जास्त येतात, कुठल्या अक्षरांचे प्रत्यय होतात, कुठली अक्षरं दिसायला इतकी सारखी आहेत की एकाच आठवड्यात आणली तर गोंधळ होईल. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व हे शेजारी नकोत. ज्या पानावर हा हिशेब केलेला दिसत नाही, नुसती पाच अक्षरं उचलून ठेवलेली दिसतात, ते पान मी शिक्षकांना घेऊ नका म्हणतो.

हा तिसरा क्रम एका दिवसात कुणाला सुचलेला नाही. तो दोन ठिकाणच्या कामातून पिकत गेला आणि दोन्ही ठिकाणं मोठ्या शहरांपासून लांब होती.

पहिलं ठिकाण डहाणूचा किनारा. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून मॉन्टेसोरीची पद्धत शिकलेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३३ पासून ताराबाईंनी मराठी 'शिक्षणपत्रिका' चालवली. बंद पडलेल्या शाळापत्रकानंतर शिकवणाऱ्याला हातात धरायला मिळालेलं हे मोठं मासिक. त्यात वर्गातले अनुभव असत, खेळ असत, साहित्य कसं बनवायचं याची माहिती असे. पण पत्रिका वाचणारी शाळा मुख्यतः शहरातली, पांढरपेशी. ताराबाईंनी वयाच्या पन्नाशीनंतर ते सोडून १९४५ मध्ये बोर्डीला बिऱ्हाड हलवलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येईनात म्हणून शाळा वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे १९७५ मध्ये देशभर बालविकासाची योजना आली तेव्हा हे नाव सरकारने उचललं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथे मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरं चरत आणि मुलं तिथेच शिकत.

कोसबाडला साहित्याचा प्रश्न एकदम उघडा पडला. मॉन्टेसोरीची महागडी लाकडी साधनं परवडणारी नव्हती आणि तिथल्या मुलांच्या जगात बसणारीही नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, चिंचोके, पानं, गोटे यांतून साधनं घडली. अंकलिपीतला 'अ अननसाचा' त्या मुलांनी कधी पाहिला नव्हता. भाषा शिकवायची तर मुलाच्या ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात करावी लागणार, हे तिथे पुस्तकातून कळलं नाही, समोर बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं. अनुताईंच्या पुढाकाराने १९८२ साली ग्राममंगल ही संस्था सुरू झाली, रमेश पानसे यांनी ती वाढवली. ग्राममंगलमध्ये बरीच वर्षं काम केलेले नीलेश निमकर यांनी २००७ साली वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथे 'क्वेस्ट' ही संस्था काढली. वाचन-लेखन शिकवण्याबद्दलचे क्वेस्टचे मराठी व्हिडिओ आज शिक्षक मोबाइलवर पाहतात. त्यांच्यामागे ताराबाई, अनुताई, पानसे ही सरळ रेषा आहे. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांबरोबरचं सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं काम त्या पाच-दहा मिनिटांच्या पाठीशी आहे.

दुसरं ठिकाण फलटण. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात भारतात आल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी पीएच.डी. केली, परदेशी लोकांना मराठी शिकवण्यासाठी जाई निंबकरांच्या साथीने पुस्तकं लिहिली आणि १९७८ मध्ये त्या भारतीय नागरिक झाल्या. फलटणमध्ये त्यांना सगळे मॅक्सीनमावशी म्हणत. दलित वस्तीतली मुलं शाळेत जाऊन वर्षं काढत आणि वाचायला न शिकताच बाहेर पडत, हे त्यांनी पाहिलं. त्या मुलांचे वर्ग घेता घेता त्यांची प्रगत वाचन पद्धती आकाराला आली. प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये सुरू झालेलं कमला निंबकर बालभवन ही त्या कामाची पुढची घरं.

या पद्धतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती भाषाशास्त्राची आणि मायेची सांगड. मराठीत ३४ व्यंजनं आणि बारा स्वररूपं धरली तरी चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. सगळी मुळाक्षरं संपल्यावर काना, मग वेलांटी, मग उकार असं गेलं तर मुलाला पहिलं वाक्य वाचायला वर्ष जातं आणि तोवर त्याचा धीर सुटतो. म्हणून मोजकी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह बरोबरच द्यायचं, लगेच शब्द बनवू द्यायचे, लगेच लिहू द्यायचं. मुलाने चुकतमाकत लिहिलं तरी ते त्याचं स्वतःचं लिहिणं मानायचं. हे करायला शिक्षकाला भाषेची रचना कळावी लागते. नुसतं प्रेम पुरत नाही आणि नुसतं शास्त्रही पुरत नाही.

मुंबईत १९९० च्या दशकात 'प्रथम' उभी राहिली, माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने. त्यांनी वेगळ्या टोकाने सुरुवात केली: मुलं फार, वेळ थोडा, शिकवणारे वस्तीतलेच तरुण. इयत्ता बाजूला ठेवून मुलांना ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे गटांत बसवायचं, बाराखडीचा तक्ता रोज वाचायचा आणि पहिल्या दिवसापासून गोष्ट हातात द्यायची. २००५ पासून त्यांची 'असर' पाहणी सुरू झाली. तिची चाचणी एका पानावर मावते: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. ती वेगवेगळ्या भाषांत खुली उपलब्ध आहे आणि एका मुलाला काही मिनिटं पुरतात. वर्षाच्या सुरुवातीला आपल्या वर्गाचं चित्र पाहायला शिक्षकाने ती जरूर वापरावी. मात्र तोच परिच्छेद मुलांकडून घोटून घेतला तर चाचणीतला जीव जातो.

सरकारी बाजूने १९९० च्या दशकातच जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर गट साधन केंद्रं आली, केंद्रप्रमुख आले, पुढे साधनव्यक्ती आणि विषयतज्ज्ञ आले. शिक्षकाला साहित्य बनवण्यासाठी वर्षाला ५०० रुपयांचं अनुदान मिळू लागलं. पुठ्ठे, रंगीत कागद, स्केचपेन आणि शब्दपट्ट्या यांनी शाळांच्या भिंती भरल्या. दिपोटीच्या जागी शेजारी बसणारा माणूस यावा, ही कागदावरची अपेक्षा होती. माहिती गोळा करण्याच्या कामात केंद्रप्रमुखांचे दिवस गेले नाहीत तिथे ती पुरीही झाली.

याच सुमारास संगणक आला आणि साहित्याच्या वाटेत एक विचित्र अडथळा उभा राहिला. मराठी टायपिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा फाँट वेगळा आणि आतली संकेतरचनाही वेगळी. एका गावच्या शिक्षकाने कष्टाने बनवलेली गोष्टींची फाइल दुसऱ्या गावच्या संगणकावर उघडली की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसायची. त्या दशकात तयार झालेलं कितीतरी शैक्षणिक साहित्य असं फाँटच्या कोठडीत राहिलं. युनिकोड रुळलं आणि 'गमभन'सारख्या मोफत टंकलेखन साधनांनी मराठी लिहिणं सोपं केलं, तेव्हा कुठे एकाचं लिखाण दुसऱ्याला जसंच्या तसं मिळू लागलं. आजच्या साऱ्या मराठी संकेतस्थळांच्या पायात हा न दिसणारा दगड आहे.

पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी त्या काळात आपल्या संकेतस्थळावर पुस्तकांचा जो साठा उभा केला, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खेळणी आणि विज्ञान यांसाठी ते प्रसिद्ध आहेत, पण शिक्षणावरची मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकं एकाच ठिकाणी मोफत मिळण्याची पहिली सवय मराठी शिक्षकांना त्यांच्यामुळे लागली. बालभारतीने पुढे पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात खुली केली आणि १९७१ पासूनचे 'किशोर'चे अंकही. जुन्या 'किशोर'मधली गोष्ट तिसरी-चौथीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवा, मुलं तास संपला तरी उठत नाहीत.

मग आला क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना हे कोड जोडले, पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले. २०२० साली डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. केंद्राचं 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकातल्या कोडमागचं साहित्य तिथे साठू लागलं. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आल्यावर पायाभूत वाचनाच्या प्रशिक्षणांचाही तिथे पूर आला. एवढा साठा एका जागी असणं ही लहानसहान गोष्ट नाही. पण मुलाला दाखवायचे व्हिडिओ तिथे विपुल आहेत आणि शिक्षकाला पाहायचा खरा वर्ग, ज्यात मूल अडतं आणि शिक्षक थांबून विचार करतो, तो फार कमी दिसतो. शिकवणाऱ्याला शिकायचं असतं ते नेमकं त्या थांबण्यातून.

ती उणीव भरून काढायला एक संशोधन कामी आलं. वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा, या दोन ठिकाणी मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा सलग तीन वर्षं अभ्यास झाला. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या या अभ्यासाचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. मुळाक्षरांच्या पुढे स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं पक्की व्हायला मुलांना आपण धरतो त्याहून खूप जास्त काळ लागतो आणि वर्गातला मोठा वेळ फळ्यावरचं उतरवण्यात आणि एकसुरात म्हणण्यात जातो, असं चित्र त्यातून पुढे आलं. वाड्यातल्या कामात क्वेस्टची साथ होती, आणि हैदराबादच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आरंभिक साक्षरता उपक्रमात मॅक्सीन बर्नसन स्वतः होत्या. कोसबाड आणि फलटण या दोन वाटा इथे एकत्र आल्या. या उपक्रमाने शिक्षक आणि प्रशिक्षकांसाठी छोट्या टिपणांची मालिका ऑनलाइन खुली केली. वाचनावर गंभीरपणे काम करणाऱ्या साधनव्यक्तीला मी पहिलं नाव हेच सांगतो.

मुलाच्या हातात द्यायला गोष्टी लागतात, आणि त्यासाठी 'स्टोरीवीव्हर'. प्रथम बुक्सची स्थापना २००४ ची. त्यांनी ८ सप्टेंबर २०१५ रोजी, जागतिक साक्षरतादिनी, हे संकेतस्थळ सुरू केलं. गोष्टींना चार स्तर आहेत, त्या उतरवून घेता येतात, छापता येतात आणि खुल्या परवान्यामुळे भाषांतरही करता येतं. मेळघाटातल्या कोरकूसारख्या भाषेत, जिच्यात मुलांसाठी छापील पुस्तकं जवळपास नव्हतीच, तिथे गोष्टी तयार झाल्या. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी लेखक, चित्रकार, भाषांतरकार यांची नावं येतात. कुणी आपल्या वर्गासाठी त्यात बदल केला तर त्याचंही नाव जोडलं जातं. पुस्तक कुठून कुठे गेलं हे शिक्षकाला पानावरच वाचता येतं. अक्षरगटांच्या पानांनाही ही शिस्त लागावी, अशी माझी मनापासूनची मागणी आहे. कुणी, कुठे, कोणत्या वयाच्या मुलांसोबत, एवढ्या तीन ओळी पुरेत.

उतरवून घेताना एक बारीक गोष्ट मात्र दरवेळी पाहावी. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपं प्रमाण ठरवली होती. इंटरनेटवरचे पुष्कळ तक्ते हिंदी वळणाच्या फाँटमध्ये असतात, तिथे ही दोन अक्षरं वेगळी दिसतात. मोठ्यांच्या डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण ज्या मुलाने मागच्या आठवड्यात पुस्तकातला ल ओळखायला सुरुवात केली, ते या तक्त्यावर अडखळतं आणि आपल्यालाच येत नाही असं समजून गप्प बसतं. छापण्याआधी फाँट बदलून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

सध्याचा साठा पाहिला तर पहिल्या चार अक्षरगटांसाठी पानांचा महापूर आहे आणि तिसरीच्या जोडाक्षरांसाठी जवळजवळ दुष्काळ. 'प्र', 'र्क' आणि 'ट्र' यांतला एकच र तीन ठिकाणी तीन रूपं घेतो, यावर एखादा नीट रचलेला पाठ शोधायला बसलं तर हाती फारसं लागत नाही. वाचलेल्या गोष्टीवर मुलाशी काय बोलायचं, कुठला प्रश्न विचारायचा, यासाठीही मराठीत कमीच आहे. वारली, कोरकू, गोंडी, पावरी, भिली बोलत शाळेत येणाऱ्या मुलाला घरच्या बोलीतून मराठीत आणण्याचे पाठ तर बोटावर मोजण्याइतके. आज ज्या शिक्षकांच्या वर्गात अशी मुलं बसली आहेत त्यांच्याकडे हे साहित्य आहे. ते वहीत आहे, फळ्यावर आहे, गेल्या मंगळवारी एका मुलाने सांगितलेल्या आणि बाईंनी लगेच लिहून घेतलेल्या वाक्यात आहे. ते मुलाचं नाव, गाव आणि तारखेसह टंकून, योग्य फाँटमध्ये, खुल्या परवान्याने चढवायला हवं. हे काम शिक्षण परिषदेच्या महिन्याच्या बैठकीत तासाभरात सुरू करता येईल.